नोंदवहीत नसलेला तेरावा खड्डा

खड्डे बारा होते. हे आरंभीच स्पष्ट करून ठेवतो, कारण पुढे या संख्येवरून बरेच काही झाले. माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर, माझ्याच अक्षरात, तारीख आणि वेळेसह 'एकूण खड्डे : बारा' अशी नोंद आजही वाचता येते. ज्या माणसाने सांगलीला एकतीस वर्षे शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती तपासली आणि एकाही नमुन्याचा क्रमांक चुकवला नाही, त्याला बारापर्यंत मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला मुलाकडे आलो. मुलगा ऋषिराज औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि या कथेत त्याचा काही भाग नाही. तो दूर राहिला हेच त्याचे शहाणपण. सून स्वप्नाली आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात मॉन्टेसरी पद्धतीची बालशाळा चालवते. तीन ते सहा वयाची बारा मुले, बारा छोटी आसने, हाताशी येतील अशा उंचीची कपाटे. सभागृह तिला सोसायटीच्या ठरावाने वर्षभरासाठी मिळते आणि दर वर्षी सर्वसाधारण सभेत तो ठराव नव्याने व्हावा लागतो. बँकेतली नोकरी सोडून तिने ही शाळा उभी केली. ठराव झाला नाही तर शाळा नाही.

जानेवारीच्या शेवटी ती मला म्हणाली, "बाबा, मुलांना पर्यावरणाबद्दल काहीतरी द्यायचंय. पोस्टर नको, भाषण नको. हाताला लागेल असं."

'भाषण नको' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले. कारण मला समजले नाही. जिल्ह्यातल्या एका विवेकवादी मंडळाचा मी वक्ता आहे. भूत, भानामती आणि करणी या विषयांवर माझी त्रेचाळीस व्याख्याने झाली आहेत, आणि त्यांपैकी किमान तिसांना श्रोते शेवटपर्यंत बसले होते.

मी प्रयोग सुचवला. प्रत्येक मुलाने घरातली नकोशी झालेली, मुठीत मावेल अशी एक वस्तू आणायची. ती मागच्या मोकळ्या जागेत आपल्या हाताने पुरायची. पन्नास दिवसांनी आपणच उकरून पाहायचे. जे कुजले ते तपकिरी तबकात, जे कुजले नाही ते निळ्या तबकात.

स्वप्नालीने त्यात दोन नियम घातले. पहिला असा, की जे कुजले नाही ते मातीत परत टाकायचे नाही. ज्याचे त्याने घरी न्यायचे. दुसरा तिच्या शिक्षणपद्धतीचाच होता. मुलाची चूक मोठ्यांनी बोट दाखवून सांगायची नसते, ती साहित्याने आपोआप दाखवावी. तिच्या वर्गात लाकडी पट्टीत बसवायचे ठोकळे आहेत. प्रत्येकाचे भोक एकच. एक ठोकळा चुकीच्या जागी गेला की शेवटचा हातात उरतो, आणि मूल स्वतःच मागे जाऊन शोधू लागते. मला हे फार शास्त्रीय वाटले. हा नियम मोठ्या माणसांनाही लागू पडेल, असे मात्र त्या वेळी मनात आले नाही.

मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्यावर ज्याने त्याने स्वतःचे चित्र काढून लावायचे ठरले. नूरीनने आपल्या दोन वेण्या काढल्या. प्रांजलने चष्मा. शिवांजलीने पुढचा पडलेला दात काढला, म्हणजे एक पांढरी रांग आणि मध्ये काळा चौकोन. दवाने चित्रे खराब होतील म्हणून बाराही चित्रे मी बाजारात नेऊन प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणली. मूळ आराखड्यात मी केलेली ही एकमेव सुधारणा. तिचा मला अभिमान होता.

आता दिवसाविषयी. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि पालकांना येता येते, म्हणून शनिवार निवडला. खड्डे वर्तुळात काढले, कारण मधोमध ठेवलेल्या तांब्यातून सर्वांना सारखेच पाणी मिळणे आवश्यक होते. मी हातमोजे आणि मुखपट्टी घातली होती, कारण मातीत जिवाणू असतात. मुलांनी आणलेल्या वस्तूंची यादी मी मोठ्याने वाचली आणि प्रत्येक वस्तू पुरताना जमिनीचे तापमान पुटपुटत वहीत लिहिले. वस्तू पुढीलप्रमाणे होत्या : अर्धे लिंबू, आजीच्या फणीतला केसांचा पुंजका, अंड्याचे टरफल, चिंधीच्या बाहुलीचा तुटलेला हात, नारळाची शेंडी, काळा दोरा, सुकलेली मिरची, बांगडीचा तुकडा, कुंकवाची रिकामी पुडी, वेफर्सचे पाकीट, पेनाचे टोपण आणि केळीची साल. माझ्या दृष्टीने हा नमुनासंच उत्कृष्ट होता. एवढी विविधता मी स्वतःही सुचवू शकलो नसतो.

शाळेत मदतीला असलेल्या धोंडुबाई मात्र झाडू घेऊन वीस फुटांवर उभ्या होत्या. त्या माण तालुक्याच्या. त्यांच्या घरी तीन पिढ्या मेंढरे होती आणि माती म्हणजे काय हे त्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

"सायेब," त्यांनी लांबूनच विचारले, "आज वार कंचा?"

"शनिवार."

"आन् तिथ?"

"मावशी, तिथीचा कुजण्याशी संबंध नाही."

"कुजण्याचा न्हाई वं. बघणाऱ्यांचा हाय की."

मी वर पाहिले. चार मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसे उभी होती. एवढ्या सकाळी इतक्या माणसांना एकाच वेळी कपडे वाळत घालायचे असतील, हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने अशक्य होते. नंतर मोबाइलवर पाहिले. शनी अमावस्या होती.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दुपारपर्यंत सहा छायाचित्रे आली. एका चित्रात मी मुखपट्टी लावून, एका हातात बाहुलीचा हात आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन उभा होतो. चित्र स्पष्ट होते. छायाचित्रणाबद्दल माझी तक्रार नाही.

सल्ले देणारे त्याच संध्याकाळी सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, वर्तुळ मोडून खड्डे सरळ रेषेत करा, म्हणजे तसे वाटणार नाही. कसे, ते त्यांनी सांगितले नाही. एका काकूंनी सुचवले, मध्ये एक तुळस ठेवा. त्यांच्या यजमानांनी सुचवले, तुळस अजिबात ठेवू नका, त्याने संशय पक्का होईल. या दोघांत नंतर दोन दिवस बोलणे नव्हते आणि त्याचाही दोष माझ्या खड्ड्यांना देण्यात आला.

सोमवारी सोसायटीचे अध्यक्ष आले. सुभेदार लालासाहेब सणस, निवृत्त, शिवांजलीचे आजोबा. अठ्ठावीस वर्षे फौजेत. उंची सहा फूट, आणि मिशा दोन्ही टोकांना वर वळलेल्या, रोज तेल लावलेल्या. त्यांनी वर्तुळाभोवती एक फेरी मारली आणि प्रथम तांत्रिक आक्षेप नोंदवला.

"डेप्थ कमी हाय, मगदूम साहेब. ट्रेंच असा नसतोय."

"ही खंदक-रचना नाही, सुभेदार."

"ते मला कळतंय वं. मी असलं काय मानत न्हाई. बर्फात पोस्टवर एकटा बसलेला माणूस हाय मी. पर पब्लिक मानतंय. पब्लिकचं मोराल डाऊन झालं, की मग अध्यक्ष म्हणून मला अॅक्शन घ्यावी लागती."

"मीही मानत नाही," मी म्हणालो. "म्हणजे न मानणारे दोघे झालो."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले, आणि जाताना खड्ड्यांवरून न जाता फाटकाकडून गेले. मी ते पाहिले. पण त्यावरून निष्कर्ष काढला नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नसतात.

नवव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे तापमापक घेऊन गेलो. एक, दोन, तीन, चार. चौथ्या आणि पाचव्या खड्ड्याच्या मध्ये माती ताजी उकरलेली होती. त्यावर आइस्क्रीमची काडी खोचलेली, आणि काडीला कागदाचा एक कपटा. कागदावर काळ्या रंगखडूने काढलेल्या दोन जाड, वर वळलेल्या रेषा.

मी पुन्हा मोजले. तेरा.

मला भीती वाटली असे म्हणणे अचूक होणार नाही. माझ्या नाडीचा वेग वाढला आणि तळहातांना घाम आला. या दोन्ही गोष्टींना चढ चढणे हे पर्यायी स्पष्टीकरण असू शकते, जरी तेथे चढ नव्हता. त्या रेषा मला शिंगांसारख्या दिसल्या. धोंडुबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "घारीचे पंख हायेत, न्हाईतर रेड्याची शिंगं. काय बी असू द्या सायेब, तुमी हात लावू नका."

"मी हात लावणारच आहे."

"मग लावा की."

मी लावला नाही. पन्नास दिवस कोणताही खड्डा उघडायचा नाही असा मुलांना शब्द दिलेला होता, आणि शास्त्राची शिस्त म्हणून तो या खड्ड्यालाही लागू होता. त्या दिवसापासून मी पाचव्या खड्ड्याकडे जाताना त्या जागेला थोडा वळसा घालू लागलो. माती सैल होती. बुटाला लागली असती.

मात्र त्या सकाळी मी एक गोष्ट केली जी एकतीस वर्षांत केली नव्हती. दिसलेले निरीक्षण वहीत लिहिले नाही. लिहिले असते तर ते स्वप्नालीने वाचले असते.

तिच्या डोक्यावर आधीच पुरेसे होते. दुसऱ्या आठवड्यात एका पालकांनी कळवले, मुलाला सर्दी आहे. तिसऱ्या आठवड्यात आणखी दोन सर्द्या झाल्या. सर्दी पन्नास दिवस टिकत नाही, हे सांगायला वैद्य लागत नाही. स्वप्नाली रोज सकाळी बारा आसने अंथरत असे आणि दुपारी, कोणी न बसलेली तीन, उरलेल्या नऊ आसनांच्या इतक्याच काळजीने गुंडाळून ठेवत असे. ती मला एक शब्द बोलली नाही. मला ती बोलली असती तर बरे वाटले असते.

विसाव्या दिवशी भरदुपारी, सारे जेवायला बसले असताना, मी छोटे खुरपे घेऊन तेराव्या खड्ड्यापाशी वाकलो. फक्त बघून परत झाकायचे, असा विचार होता. वरून मोबाइलचा 'खट्' असा आवाज आला. गटावर लगेच चित्र पडले आणि खाली मजकूर : 'पाहा. पुन्हा.' मी खुरपे खिशात घातले आणि जणू बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो असे दाखवले. पायात चपला होत्या.

तेवढ्यात नूरीनला न्यायला तिचे वडील मुजीब आले. त्यांचे पंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचे दुकान आहे. त्यांनी सगळे पाहिले होते.

"साहेब, असं मागनं खोलू नका," ते हळूच म्हणाले. "जळकी मोटार मी गिऱ्हाइकाच्या समोरच खोलतो. मागनं खोलली की गिऱ्हाईक म्हणतंय, तुमीच जाळली."

"आणि आत भलतेच काही निघाले तर?"

"मोटारीत काय निघायचंय? उंदीर, न्हाईतर पाणी. पर बंद हाय तवर गिऱ्हाइकाला वाटतंय लय काय हाय म्हणून."

हे वाक्य माझ्या त्रेचाळीसपैकी कोणत्याही व्याख्यानात नव्हते. याची मी नोंद घेतली.

अडतिसाव्या दिवशी पोलीस आले. म्हणजे एकच हवालदार, तानाजी. वागायला अत्यंत सभ्य. कोणीतरी निनावी अर्ज केला होता : वृद्ध इसम लहान मुलांकरवी अघोरी प्रकार करतो, जादूटोणाविरोधी कायद्याखाली चौकशी व्हावी. हवालदारांनी मला पाहिले आणि टोपी काढली.

"साहेब, तुमी? तुमीच तर आमास्नी ट्रेनिंग दिलं की, गेल्या वर्षी."

ते खरे होते. पोलिसांनी संशयास्पद प्रकार कसे ओळखावेत, यावर मी एक पत्रक तयार करून वाटले होते : 'अकरा लक्षणे'. हवालदारांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तेच पत्रक. त्यांनी समोर उभे राहून पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली.

"अमावस्या... व्हय. लिंबू... व्हय. केस, बाहुली, काळा दोरा... व्हय, व्हय, व्हय. चेहरा झाकलेला इसम. पुटपुटणे. साहेब, ह्ये पुटपुटणे म्हंजे?"

"तापमान."

"बरं. पुटपुटणे, व्हय." त्यांनी बेरीज केली. "अकरापैकी नऊ. तुमीच लिवलंय खाली, सात झाली की गांभीर्यानं घ्या."

स्वतःच्या उपकरणाने स्वतःला मोजले जाणे हा प्रसंग शास्त्रज्ञाच्या आयुष्यात क्वचित येतो. पत्रक निर्दोष होते. त्यातच माझी अडचण होती.

त्यांना माझ्याकडून लिहून हवे होते की मी जादूटोणा करत नाही. मी नम्रपणे निदर्शनास आणले, की मी जे करत नाही त्याची यादी अमर्याद आहे आणि नसलेल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही. हवालदार म्हणाले, "साहेब, दोनच ओळी लिवा की वो." मी पाऊण पान लिहिले. ते त्यांनी वाचले आणि म्हणाले, "ह्यानं संशय वाढतोय." मग त्यांनी आत्ताच्या आत्ता खड्डे उघडण्याची सूचना केली.

स्वप्नाली इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "पन्नास दिवस म्हणजे पन्नास. मुलांना शब्द दिलाय, हवालदार. त्यांनी भिंतीवर रोज एक मणी ओवलाय."

हवालदारांनी भिंतीवरची अडतीस मण्यांची माळ पाहिली, का कोणास ठाऊक एक-दोन मणी मोजलेही, आणि बारा दिवस दिले. पन्नासावा दिवस रविवारी येत होता. त्याच रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. अध्यक्षांनी लेखी कळवले : प्रथम पंचांसमक्ष उत्खनन, तदनंतर सभागृहाच्या ठरावावर विचार. त्या दिवशी वद्य षष्ठी होती. मी आता पंचांग पाहू लागलो होतो. केवळ खबरदारी म्हणून.

त्या बारा दिवसांत तेरावा खड्डा कोणी काढला असेल, याच्या मी सात उपपत्ती मांडल्या आणि सहा खोडल्या. सातवी मी लिहून काढली नाही.

रविवारी दहा वाजता सारी सोसायटी मागच्या मोकळ्या जागेत उभी होती, खड्ड्यांपासून योग्य वाटणाऱ्या अंतरावर. सुभेदार सणस पुढच्या रांगेत, छातीवर पदके लावून. ज्यांना सर्दी झाली होती ती तीन मुलेही पालकांबरोबर आली होती. मित्र दिसताच ती हात सोडवून पळत वर्तुळात जाऊन बसली आणि त्यांना परत बोलावण्याइतके पुढे यायला पालक तयार नव्हते. स्वप्नालीने बारावे आसन सरळ केले. तिच्या चेहऱ्याकडे मी तेवढा एक क्षण पाहू शकलो.

हवालदारांनी पंचनाम्याचा कागद काढला. "एकूण खड्डे किती, साहेब?"

"बारा," मी म्हणालो.

ते पेन्सिल नाचवत मोजत गेले. मग थांबले. "साहेब, तेरा भरत्यात."

कोठेतरी एक पाळण्यातले मूल रडायला लागले आणि त्याला घाईने घरात नेण्यात आले.

"बाबा?" स्वप्नाली म्हणाली.

"नवव्या दिवसापासून आहे," मी म्हणालो. "मी लिहिले नाही."

"एक्केचाळीस दिवस? तुम्ही?"

त्या 'तुम्ही'मध्ये एकतीस वर्षांची नोकरी होती. पोलीस, पत्रक, छायाचित्रे, कशानेही मला इतके लागले नव्हते.

मुलांना यातले काही ऐकू आले नाही. त्यांचे काम सुरू झाले होते. नूरीनने आपला खड्डा उकरला. लिंबू नव्हतेच, एक बी होती आणि तिला कोंब फुटला होता. मागची गर्दी चार पावले मागे सरली, मुले चार बोटे पुढे सरकली. "कुजलं," नूरीनने जाहीर केले. केळीची साल नाहीशी झाली होती. बाहुलीच्या हाताला भोके पडली होती. त्यावर थोडी चर्चा होऊन 'अर्धं कुजलं' असा निकाल लागला आणि तो दोन्ही तबकांच्या मध्ये ठेवण्यात आला. केस तसेच. पेनाचे टोपण तसेच. वेफर्सचे पाकीट तर असे चकचकीत निघाले, की प्रांजलने आत वेफर आहे का तेही पाहिले.

बारा झाले. उरला तेरावा.

कोणी हलेना. हवालदार म्हणाले, "साहेब, तुमी काढा. प्रयोग तुमचा." मी म्हणालो, हा प्रयोगाचा भाग नसल्याने तो पंचांनी काढावा. पंच म्हणाले, अध्यक्षांनी काढावा. अध्यक्ष सरळ समोर पाहत होते, सलामीला उभे राहिल्यासारखे. मग सर्वांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. माझा उजवा गुडघा गेल्या वर्षीपासून दुखतो.

शिवांजली उठली. तिने हातातले छोटे खुरपे पुसले, तेराव्या खड्ड्यापाशी बसली आणि उकरू लागली. "शिवा, नको!" कोणीतरी ओरडले. तिने मान वर केली नाही. काम करणाऱ्या मुलाला मध्ये बोलायचे नसते हे त्या शाळेत सर्वांना ठाऊक आहे.

एक प्लास्टिकची पिशवी निघाली. तिने गाठ सोडली. आत लाल कापड, त्यात काळी बाहुली, बाहुलीच्या अंगावर पाच खिळे, दोन मिरच्या आणि काळे पडलेले एक लिंबू. गॅलऱ्यांतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. हवालदारांचा हात नकळत पत्रकाकडे गेला.

शिवांजलीने एकेक वस्तू हातात घेऊन, वळवून पाहिली. लिंबू तपकिरी तबकात. मिरच्या तपकिरी तबकात. बाहुली तिने कानाशी धरून हलवली, दाबून पाहिली आणि निळ्या तबकात ठेवली. कापड निळ्यात. खिळे एक, दोन, तीन, चार, पाच असे मोजून निळ्यात. शेवटी पिशवी झटकून, चौकोनी घडी घालून, निळ्यात.

मग निळे तबक दोन्ही हातांनी धरून, काही सांडणार नाही अशा सावध पावलांनी ती निघाली. गर्दीने वाट दिली. ती सरळ सुभेदारांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, हे तुमचं. कुजलं न्हाई. घरी न्यायचं."

"काय म्हणतीयस, बाळा?" सुभेदारांचा आवाज मला प्रथमच बारीक वाटला.

"तुमी पुरताना मी पायरीवर बसलेली की. तुमी चित्रच लावलं न्हाई. म्हणून मीच काढलं." तिने तबकाखालून तो कागदाचा कपटा काढून वर धरला.

दोन जाड, वर वळलेल्या रेषा. साऱ्या सोसायटीने कागदाकडे पाहिले आणि मग एकाच वेळी अध्यक्षांच्या मिशांकडे. चित्र उत्तम होते. मला एक्केचाळीस दिवस ते ओळखता आले नाही, याचे कारण मी शिंगे शोधत होतो.

हवालदारांनी पत्रक उलगडले. खुणा केल्या. मग अगदी हळू म्हणाले, "सुभेदार साहेब... सात भरत्यात."

सुभेदारांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते माझ्याकडे वळले. "मगदूम साहेब, तुमच्यावर डाऊट न्हवता, देवाशप्पत. एका माणसाला विचारलं, त्यो म्हणाला तिथं काय असलंच तर ह्यानं बाद हुईल. मी मानत न्हाई. खरंच मानत न्हाई." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "पर नात हाय वं. रोज तिथं बसती."

माझ्यापुढे विजय उघडा पडला होता. त्रेचाळीस व्याख्यानांत असे उदाहरण मला मिळाले नव्हते, आणि समोर दोनशे श्रोते होते, तेही उभे. मी घसा साफ केला. मग मला तो वळसा आठवला, जो मी एक्केचाळीस दिवस, बुटाला माती लागू नये म्हणून, घालत होतो.

मी वही उघडली. 'एकूण खड्डे : बारा' यातील बारा खोडून तेरा केले, खाली सही केली आणि मोठ्याने वाचत लिहिले : "खड्डा क्रमांक तेरा. विद्यार्थी, लालासाहेब सणस. पुरल्याचा दिवस, नववा. लिंबू व मिरच्या कुजल्या. बाकीचे कुजले नाही, विद्यार्थ्याने घरी नेले." मग हवालदारांना म्हणालो, "प्रवेश उशिरा झाला. नोंद राहून गेली, ती चूक माझी."

हवालदारांनी वही पाहिली, माळेतला पन्नासावा मणी पाहिला, आणि पंचनाम्यावर लिहिले : 'तेरा विद्यार्थी. प्रयोग शालेय.' पत्रक त्यांनी परत खिशात घातले. जाताना म्हणाले, "साहेब, ह्यात बारावं लक्षण घालायला पायजे. आधी पोरांस्नी विचारा."

सभा सात मिनिटे चालली. सभागृहाचा ठराव अध्यक्षांनीच मांडला, हातात निळे तबक धरून. ते खाली कोठे ठेवावे हे त्यांना सुचत नव्हते. कोणी विरोध केला नाही. धोंडुबाईंनी तेराही खड्ड्यांच्या मधून झाडू मारायला सुरुवात केली होती.

मी निघालो, तोच मागून शर्ट ओढला गेला. शिवांजली. तिच्या दोन्ही हातांत चिखल पुसून स्वच्छ केलेला एक गठ्ठा होता. दोन वेण्या, चष्मा, पडलेला दात. बाराही चित्रे, मी लॅमिनेट केलेली, पन्नास दिवसांनंतर एक कोपराही न उकललेली. निळ्या तबकात एवढा मोठा ढीग दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

"आजोबा, हे तुमचं."

मी स्वप्नालीकडे पाहिले. मोठ्यांनी बोट दाखवायचे नसते. पण ती हसली, पन्नास दिवसांत प्रथमच, आणि तिने माझ्यासाठी पिशवी आणली. कापडी.

गठ्ठा घेऊन मी घराकडे निघालो. वाटेत तेरावा खड्डा लागला. मी वळसा घातला. खड्डा उघडा होता आणि पाय पडला असता. या वेळी कारण खरे होते, आणि ते मी वहीत लिहिले आहे.